१९६४च्या आधीचे गायतोंडे

वासुदेव गायतोंडे यांच्यावरचा कोणताही लेख वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात मार्क रॉथको येतोच. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली, गायतोंडे न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी रॉथको पाहिला आणि मग त्यांचं चित्र पक्व झालं, अशी ती गोष्ट. लिलावाच्या बातम्यांमुळे ‘भारताचे रॉथको’ ही पदवी आता चित्रकलेशी संबंध नसणाऱ्यांच्याही तोंडी बसली आहे. गोष्ट सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की, तारखा तिच्या बाजूने साक्ष देत नाहीत.

तारखाच मांडून पाहू. गायतोंडे यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. घराणं गोव्याकडचं, वाढ गिरगावातल्या चाळीत. जे.जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका १९४८ची. तिथे त्यांनी लघुचित्रांचा कसून अभ्यास केला. सपाट रंगाच्या शेजारी दुसरा सपाट रंग ठेवला की सावली न घालताही खोली कशी निर्माण होते, हा धडा तिथला. १९५०मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संगतीत आले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या कामात पॉल क्ले उघड दिसतो. क्ले म्हणजे युद्धपूर्व युरोप, तेव्हा या टप्प्यावर अमेरिकेचा संबंधच येत नाही. १९५७ साली टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं, आणि ते दशक संपेपर्यंत माणूस, पक्षी, घर यांच्या खुणा त्यांच्या कॅनव्हासवरून पुसल्या गेल्या होत्या. हे सगळं मुंबईत घडलं, वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये आणि त्याच्या आसपास.

पुढचा पुरावा तर खुद्द न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. १९६२ सालचं त्यांचं ‘पेंटिंग, ४’ हे चित्र त्या संग्रहात १९६३मध्येच दाखल झालं. चित्रकाराच्या आधी त्याचं चित्र तिथे पोचलं होतं! त्याच वर्षी मॉरिस ग्रेव्ह्ज हा अमेरिकी चित्रकार मुंबईत त्यांच्या स्टुडिओत आला. काम पाहून तो इतका भारावला की, न्यूयॉर्कमधल्या आपल्या गॅलरीला त्याने तातडीने पत्र लिहिलं. १९६४मध्ये विमानात बसलेला माणूस चाळिशीला टेकलेला, आपली वाट सापडलेला चित्रकार होता.

आणि ते कोणत्या न्यूयॉर्कमध्ये उतरले, हेही पाहायला हवं. आपल्याकडे ‘पाश्चात्त्य आधुनिक कला’ हे एकच गाठोडं समजलं जातं. प्रत्यक्षात अमूर्त अभिव्यक्तिवादाचा बहर तोवर ओसरला होता. जॅक्सन पोलॉकला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याच १९६४मध्ये अँडी वॉरहॉलने साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी गॅलरीत रचून ठेवली आणि व्हेनिसच्या द्वैवार्षिकाचं चित्रकलेचं मोठं पारितोषिक रॉबर्ट राउशेनबर्गला मिळालं. पुढच्याच वर्षी डोनाल्ड जडने चित्रही नाही आणि शिल्पही नाही अशा वस्तूंची बाजू मांडणारा लेख लिहिला, आणि मिनिमल कलेला तात्त्विक बैठक मिळाली. नव्याची नक्कल करायची असती तर बाजार पॉपचा होता. गायतोंडे यांनी त्यातलं काहीही उचललं नाही. रॉथको त्यांना जवळचा वाटला, कारण आपण जे करत होतो तेच दुसऱ्या टोकाकडून कुणी करत आहे, हे तिथे दिसलं असावं, असं माझं मत आहे. शिवाय न्यूयॉर्कने त्या दशकांत पूर्वेकडून काय घेतलं, त्याचा हिशेब आपण मांडतच नाही. डी. टी. सुझुकी कोलंबिया विद्यापीठात झेनवर बोलत होते आणि श्रोत्यांत जॉन केजसारखा संगीतकार होता. त्याच झेनची पुस्तकं गायतोंडे मुंबईत वाचत होते. उसनवारीची वाट दुहेरी होती.

न्यूयॉर्कने काहीच दिलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा आडवा कॅनव्हास उभा झाला. आडव्या चित्रात क्षितिज, समुद्र, जमीन शोधण्याची डोळ्याला खोड असते. उभ्यात ती मोडते. हा बदल मोठाच आहे.

पण रंग लावण्याची रीत पाहिली की रॉथको आणि गायतोंडे वेगळे होतात. रॉथको पातळ रंगाचे थर एकावर एक चढवतो, त्याचे चौकोन कडांशी विरघळतात. गायतोंडे रंग लावतात आणि मग काढतात. रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे फाडलेले तुकडे ही त्यांची हत्यारं. मी राहतो त्या धायरीत वर्षभर कुठे ना कुठे नवी इमारत रंगत असते. रोलरने भिंत मारणाऱ्या एका कारागिराकडून मी ते हत्यार हातात घेऊन पाहिलं. ओल्या रंगावर कोरडा रोलर फिरवला की तो रंग पसरवत नाही, शोषून उचलतो, आणि खालचा थर ठिपक्याठिपक्यांनी वर येतो. हाताचा दाब जरा चुकला की सगळं सपाट. चित्रकलेचं शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्याला त्या दहा मिनिटांत जे कळलं, ते दहा कॅटलॉग वाचून कळलं नव्हतं. वर्षाला पाच-सहाच चित्रं का होत असतील, याचाही अंदाज आला.

आपल्या समजुतीतला आणखी एक गुंता शब्दाने केला आहे. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ला आपण ‘अमूर्त’ म्हणतो. मूळ शब्दात बाजूला काढून घेण्याची क्रिया आहे: समोर काही वस्तू आहे, तिच्यातलं सार वेगळं करायचं. ‘अमूर्त’ म्हटलं की मात्र निर्गुण-निराकार आलंच, आणि चित्रावर बोलायच्या ऐवजी समीक्षक समाधीवर बोलू लागतो. गायतोंडे यांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट हा शब्दच मान्य नव्हता. ते आपल्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. वस्तूपासून सुरुवातच नाही, तर काढून काय घेणार? ‘वस्तुनिरपेक्ष’ हा जरा अवजड शब्द इथे अधिक प्रामाणिक ठरला असता. अध्यात्माची ओढ त्यांना होती, हे खरं. पण ती आणि रोलरचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅनव्हासवर दिसते ती दुसरी.

या साऱ्यावर मराठीत लेखन कितीसं झालं? प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये (मौज, १९९०) चित्रकाराच्या अंगाने मराठीत विचार करून दाखवला, बिंदू, रेषा, अवकाश यांवर इतकं नितळ गद्य दुसरं मला माहीत नाही. गायतोंडे यांनी स्वतः जवळजवळ काहीच लिहिलं नाही. ज्ञानेश्वर नाडकर्णी हे मराठीतले मोठे कलासमीक्षक, पण ललित कला अकादमीसाठी त्यांनी लिहिलेली गायतोंडे यांच्यावरची पुस्तिका इंग्रजीत आली. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’मधून गायतोंडे यांच्यावर चिकाटीने काम केलं, हा ठळक अपवाद. एरवी २०१३च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं १९७९चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांना जाग आली. पुढच्याच वर्षी गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं आणि रॉथकोची पदवी पक्की झाली.

लिलावाच्या कॅटलॉगमधून या चित्रांची नोंद ‘अनटायटल्ड’ अशी होते. त्याच नोंदीत, बारीक अक्षरांत, कॅनव्हासच्या मागच्या बाजूचं वर्णन दिलेलं असतं: साल, इंग्रजी सही, आणि बहुतेकदा तिच्यासोबत देवनागरीत ‘गायतोंडे’.