रेडिओ व दूरचित्रवाणी परवाना (नांदेड, लातूर)

बोलीत ‘लायसन’. रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संच बाळगण्यासाठी पूर्वी टपाल कार्यालयात दरवर्षी पैसे भरून घ्यावी लागणारी परवानगी. निजामी अमलात हैदराबादच्या दख्खन रेडिओचा कारभार वेगळा होता. १९५० मध्ये तो आकाशवाणीत आला आणि नांदेड व उस्मानाबादचे श्रोते (लातूर जिल्हा १९८२चा) केंद्राच्या नियमांखाली आले. सत्तरच्या दशकात रेडिओला वर्षाकाठी १५ रुपये, दूरचित्रवाणीला ५० रुपये पडत. परवान्याच्या पुस्तकात तिकिटे लावली जात. निरीक्षक घरी-दुकानी येऊन पुस्तक मागे. ते नसले तर संच जप्तही होऊ शके.

हे पैसे कार्यक्रम ऐकण्याचे मोल होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यात गुन्हा होता तो परवान्याविना यंत्र बाळगण्याचा. पहिल्या खेपेस १०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास २५० रुपयांपर्यंत दंड. यंत्र ज्याच्या ताब्यातल्या जागेत सापडे, ते त्याचेच असे न्यायालयाला गृहीत धरता येई. रेडिओ लावला की नाही, काय ऐकले, हा प्रश्नच उद्भवत नसे. यावर म्हणता येईल की ऐकणे सिद्ध कसे करणार. हाती लागते ते यंत्रच. पुराव्यापुरते हे मान्य करावे लागते. पण मोल असते तर पैसा प्रसारकाकडे जायला हवा होता. ब्रिटनमध्ये परवाना शुल्कावर बीबीसी चालते. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन ही सरकारी खाती होती. त्यांचा खर्च अंदाजपत्रकातून ठरे, भरणा करणाऱ्याला त्यात हक्क नव्हता. मराठवाड्याला ही उणीव जास्त भोवली. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, पण त्याचे चित्र तेव्हा इथवर पोचत नव्हते, आणि परवान्याचे दर जिल्ह्याला काय मिळते ते पाहून ठरत नव्हते. आकाशवाणीच्या परभणी केंद्राचा आवाज नांदेड-लातुरात पोचत होता, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ते केंद्र १९६८चे. त्याआधीही परवाना चुकत नव्हताच. माझ्या मते, हा यंत्रावरचा कर होता आणि त्याला कर म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरले असते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास हा परवाना रद्द झाला. नांदेडला स्वतःचे आकाशवाणी केंद्र त्यानंतर, १९९१ मध्ये मिळाले.