तळटीप : फोटोचा तपकिरी रंग

७. 'काळाने तपकिरी झालेला फोटो' : इथे लेखकाने काळाला फुकटचे श्रेय दिले आहे. जुनेपणाने फोटो पिवळट आणि फिका पडतो. वर्णनातला भरीव तपकिरी रंग मुद्दाम आणलेला, सेपिया टोनिंगचा. धुतलेली प्रिंट आधी पोटॅशियम फेरिसायनाइड व पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात बुडवत. तिथे गालाकपाळाचा उजळ भाग आधी पुसट होतो, केसांचा काळेपणा सगळ्यात शेवटी. (केस काळे असतानाच प्रिंट उचलली तर चेहरा तपकिरी, केस काळेच, काही कसबी हात हे हौसेने करत.) पुन्हा धुऊन सोडियम सल्फाइडमध्ये टाकली, की गेलेले चित्र परत उमटते. आता चांदीच्या जागी सिल्व्हर सल्फाइड असते, म्हणून रंग तांबूस आणि टिकाऊही. वास मात्र कुजक्या अंड्यांचा! शिवाय ती वाफ कोऱ्या फोटो-कागदाला बाधते, म्हणून हे काम डार्करूमबाहेर, चक्क उजेडात करत. वास नकोच असेल तर थायोयुरिया. त्यात अल्कली वाढवावी तसा पिवळसर तपकिरी रंग गडद चॉकलेटीकडे झुकतो. 'सेपिया' हे मुळात माकुलाच्या जातीतल्या जलचराचे आणि त्याच्या शाईचे नाव. फोटोत त्या शाईचा थेंबही नसतो. — संपा.