माजी सैनिक आणि मधुमेह : बधिर पावलांचा धोका

एस्प्लनेड (कोलकाता) : एस्प्लनेड मेट्रो स्थानकाबाहेर पडल्यावर नैर्ऋत्येस मैदानाचा हिरवा विस्तार दिसतो आणि त्यापलीकडे हुगळीकाठी फोर्ट विल्यम. पूर्व कमांडच्या या मुख्यालयाला आता सिंधुदुर्गातील किल्ल्यावरून ‘विजय दुर्ग’ असे नाव देण्यात आले आहे. दरवर्षी 16 डिसेंबरला, विजय दिनी, 1971च्या युद्धातील माजी सैनिक येथे मानवंदनेसाठी येतात. स्थानकापासून किल्ल्यापर्यंतचे अंतर जवानाच्या पायांना काहीच नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना मात्र तेवढी चालही जखम देऊन जाऊ शकते, आणि ती कळतही नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. सैनिक त्याला अपवाद नाहीत. त्यांची परिस्थिती तेवढी वेगळी असते. बहुतेक जवान चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतात. कवायत थांबते, आहार मात्र तोच राहतो. पुढे अनेकांच्या वाट्याला सुरक्षारक्षकाची नोकरी येते. बारा तासांची पाळी, रात्रीचे जागरण, अवेळी जेवण. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि साखर वाढत जाते.

रक्तातील वाढलेली साखर पायांच्या मज्जातंतूंना इजा करते. दुखणे अंगावर काढण्याची सवय सैनिकाला प्रशिक्षणातच लागलेली असते. येथे तर दुखतच नाही. बुटातला खडा, फुटलेला फोड दिवसभर लक्षात येत नाही. रक्तपुरवठा कमी असल्याने जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. म्हणून रोज रात्री आरसा धरून तळवे पाहावेत, बूट झटकून घालावेत, अनवाणी चालू नये. वर्षातून एकदा पायांच्या संवेदनेची आणि दृष्टिपटलाची तपासणी आवश्यक आहे.

दुसरा धोका साखर उतरण्याचा. काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण चुकले, तर घाम, थरथर आणि संभ्रम निर्माण होतो. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या रक्षकाला हे परवडणारे नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड असावी आणि सोबत्याला आजाराची कल्पना द्यावी. हे सांगण्यात कमीपणा वाटतो, ही खरी अडचण.

1 एप्रिल 2003 पासून सुरू असलेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) दवाखान्यांतून सदस्यांना तपासणी आणि औषधे मिळतात. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न अधिक वादाचा आहे. अमेरिकेने 2001 मध्ये व्हिएतनाम युद्धात ‘एजंट ऑरेंज’ या रसायनाच्या संपर्कात आलेल्यांचा टाइप-2 मधुमेह भरपाईस पात्र ठरवला. आपल्याकडे मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शांतता क्षेत्रातील नेमणुकीत आजार उद्भवला, एवढ्यावरून मधुमेहग्रस्त जवानाचा दावा फेटाळता येत नाही. आजाराचा सेवेशी संबंध नाही, याची कारणे वैद्यकीय मंडळाने द्यायला हवीत. त्यामुळे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय अहवालाची प्रत प्रत्येकाने जपून ठेवावी.