मुंबई उपनगरातील मोटार-दुरुस्तीची वाटचाल : मालाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात कारखाना, भांडवल व कामगार संघटना यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू पुढे वर्षानुवर्षे चालती कोणी ठेवली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मोटारीच्या बाबतीत हे काम गल्लीतील गॅरेजने केले. प्रस्तुत लेखात मालाड परिसर डोळ्यांसमोर ठेवून या दुरुस्ती-विद्येतील स्थित्यंतराचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

कुर्ल्याची मोटार आणि टंचाईचे अर्थकारण

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११००, म्हणजेच पुढील काळातील पद्मिनी, ही कित्येक दशके मुंबईची प्रमुख मोटार होती. परवाना पद्धतीच्या काळात नवी मोटार मिळविण्यासाठी दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागे. साहजिकच हाती असलेली मोटार टिकविणे ही हौस नव्हती, तर गरज होती.

पद्मिनीचे १०८९ सीसी क्षमतेचे इंजिन रचनेने साधे होते. प्लग घासून त्यातील अंतर नीट करणे, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट साफ करणे, कार्ब्युरेटर धुणे, टॅपेट जुळविणे, ग्रीस भरणे, फॅन बेल्टचा ताण तपासणे, बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालणे ही तिची नित्याची निगा होय. इंजिन धूर ओकू लागले की ‘काम काढले’ जाई, म्हणजे सिलिंडरला बोअरिंग करून नवे पिस्टन व रिंगा बसविल्या जात. सुटा भाग फेकून देण्याऐवजी तो पुन्हा वापरण्याजोगा करणे, हे या व्यवहाराचे सूत्र होते.

मालाडचे स्थानविशेष

पूर्वेस पश्चिम द्रुतगती मार्ग, रेल्वेस समांतर जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग आणि पश्चिमेस मार्वे-मढचा समुद्रकिनारा अशी मालाडची रचना आहे. शेजारीच कांदिवलीला महिंद्रचा कारखाना आहे. रस्त्यांवरील वर्दळीमुळे पंक्चर, वायरिंग व क्लच-ब्रेकची कामे गॅरेजकडे येत राहतात. खाडीची खारट, दमट हवा पत्र्याला गंज चढविते, त्यामुळे गंजलेला भाग कापून ठिगळ जोडणारा डेंटर व त्यावर रंग चढविणारा पेंटर यांचे महत्त्व मेकॅनिकइतकेच राहिले.

हे शिक्षण मुख्यतः उस्तादाच्या हाताखाली होई. १९५० पासून शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेद्वारे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने प्रत्यक्ष कामावरील शिक्षणाची औपचारिक चौकट उभी राहिली. तथापि, इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणे ही कला पुस्तकात उतरली नाही. गॅरेजमध्ये ती कानानेच शिकली गेली.

कानाकडून यंत्राकडे

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. मात्र अधिक मूलगामी बदल प्रदूषणविषयक नियमांनी घडविला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांन्वये प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि उत्प्रेरक परिवर्तकाचा मार्ग मोकळा झाला. २००४ पासून जुन्या पेट्रोल मोटारींना धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, तर भारत स्टेज दोन व त्यापुढील मोटारींना ०.५ टक्के ठरली. पहिली मर्यादा कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाठता येत असे. दुसरीसाठी संवेदक, संगणकीय नियंत्रण व परिवर्तक यांची साखळी अपरिहार्य होती. हवा स्वच्छ होण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे दोष शोधण्याचे साधन मेकॅनिकच्या कानातून निघून उत्पादकाच्या स्कॅनरमध्ये गेले, हेही नाकारता येत नाही.

२६ जुलै २००५ चा धडा

त्या दिवशीच्या पावसाची सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर अशी नोंद झाली आणि उपनगरांतील असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी चावी न फिरविता बॅटरी सोडवावी, प्लग काढून पाणी बाहेर घालवावे व ऑइल बदलावे, ही गॅरेजची रीत होय. जुन्या मोटारीत वायरिंग सुकवून बरेच काही साधे. नव्या मोटारीत मात्र भिजलेला नियंत्रण-संगणक बहुधा बदलावाच लागतो. दुरुस्तीची जागा अदलाबदलीने घेतल्याचे हे ठळक उदाहरण होय.

दुरुस्तीचा अधिकार

या स्थित्यंतराला कायदेशीर बाजूही आहे. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंडाचा प्रश्न पुढे अपिलात गेला. तरी दुरुस्तीचे ज्ञान ही कोणाची मालमत्ता, हा मूळ प्रश्न यानिमित्ताने ऐरणीवर आला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या अधिकारासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले.

निष्कर्ष

ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. मोटार संग्रहालयात ठेवता येईल, पण तिला चालती ठेवणाऱ्या हातांचे ज्ञान तसे ठेवता येत नाही. ते ज्येष्ठ कारागिरांच्या स्मृतीत आहे व त्यांच्याबरोबरच लोप पावणार आहे. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील गॅरेजमध्ये जाऊन मौखिक इतिहासाची नोंद करणे हे निकडीचे कार्य आहे. त्यासाठी दूरच्या अभिलेखागारात जावे लागत नाही. हा दस्तऐवज महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच, ऑइलने माखलेल्या हातांनी काम करीत उभा आहे.