भाऊबंदकी

पेशवाई कशाने बुडाली, असे कोणालाही विचारा; ‘भाऊबंदकीने’ हे उत्तर तयार असते. ते लोकांच्या तोंडी बसवण्यात कृ. प्र. खाडिलकरांचा वाटा असणारच. नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या त्यांच्या १९०९च्या नाटकाचे नावच मुळी ‘भाऊबंदकी’.

शब्द जन्माने मात्र सोज्ज्वळ आहे. यातला ‘बंद’ म्हणजे बंधूच. कामधंदा, कागदपत्र यांच्यासारखी ही जवळजवळ एकाच अर्थाची जोडी. शेवटचा ‘की’ आपुलकीत आणि माणुसकीत आहे तोच. म्हणजे भाऊबंदकी ही आपुलकीची बहीणच. पण एकीचे नाव काढले की बरे वाटते आणि दुसरीचे काढले की वकील आठवतो.

बिघडवले ते बहुधा वतनाने. पाटिलकी एक, वाटेकरी पाच. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, यावरून भाऊ भाऊ गोतसभेपुढे उभे. मराठेशाहीतले महजर (निवाडपत्रे) अशा तंट्यांनी भरले आहेत. दुखणे त्याहूनही जुने आहे. संस्कृतात ‘भ्रातृव्य’ म्हणजे पुतण्या, आणि शत्रूही. पाणिनीने दोन्ही अर्थांची सोय सूत्रांत लावून ठेवली आहे. नारायणराव हे राघोबादादांचे दोन्ही अर्थांनी भ्रातृव्य!

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. राघोबादादांच्या हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही कथा ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासातही आहे, आणि खाडाखोड त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केली हा समजही. नाटककार-कादंबरीकारांना यापेक्षा सोयीचे काय हवे? एक अक्षर, एक बाई, आणि घराणे खलास. मला हा हिशेब फार स्वस्तातला वाटतो. खुनानंतर पेशवाई आणखी पंचेचाळीस वर्षे टिकली. ती सावरली कारभाऱ्यांच्या ‘बारभाई’ मंडळाने. म्हणजे भावाचाच शब्द तिथे एकजुटीसाठी वापरला गेला. याच बारभाईंतले नाना आणि मोरोबा फडणीस हे मात्र खरोखरचे चुलतभाऊ. १७७८ मध्ये त्यांचे बिनसले आणि नानांनी मोरोबांना कैदेत टाकले.