छतापासून 500 फूट

पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलांकडून एक वाक्य नेहमी येतं: "आमच्या तालुक्यात संशोधन करण्यासारखं काय आहे?" शिरूर-दौंडकडच्या मुलांसाठी आज एक विषय मांडतोय. मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मधे थोडं गणित येईल. घाबरू नका.

2024 च्या जूनच्या सुमाराला शिरूर, दौंड, आंबेगाव, जुन्नर भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या येत होत्या. चोर रेकी करत असावेत, अशी भीती पसरली. गावोगावी पोरं रात्री गस्त घालू लागली. पोलिसांकडे तक्रारी गेल्या. बातमी म्हणून हा विषय काही आठवड्यांत मागे पडला. पण त्यामागचा प्रश्न 100 वर्षांपेक्षा जुना आहे: माझ्या घरावरच्या हवेत माझा हक्क कुठपर्यंत?

मध्ययुगीन युरोपात एक लॅटिन सूत्र होतं. त्याचा अर्थ असा की, जमीन ज्याची, त्याचंच वरचं आकाश आणि खालचं पाताळ. विमान आलं आणि हे सूत्र अडचणीचं झालं. प्रत्येक शेतमालकाची परवानगी काढत कोण उडणार? म्हणून ब्रिटनने 1920 च्या कायद्यात तोडगा काढला. विमान 'वाजवी' उंचीवरून गेलं, तर केवळ ते वरून गेलं म्हणून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा करता येणार नाही. आपल्याकडच्या 1934 च्या विमान कायद्यात कलम 17 म्हणून जवळपास तीच शब्दरचना आली. वारा, हवामान आणि परिस्थिती बघून उंची वाजवी असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा चालणार नाही. हा कायदा 90 वर्षं टिकला. 1 जानेवारी 2025 पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली.

इथे थांबून दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. एक, कलमात 'वाजवी' म्हणजे किती फूट, हे लिहिलेलं नव्हतं. दोन, हा कायदा लष्करी विमानांना लागू नव्हता. म्हणजे लोहगावला धावपट्टी एकच, पण तिच्यावरून उडणारं प्रवासी विमान या कायद्याखाली आणि हवाई दलाचं सुखोई त्याच्या बाहेर. खाली राहणाऱ्या माणसाचे कान मात्र तेच.

मग फुटांचा आकडा कुठून आला? तो उड्डाणाच्या नियमांतून आला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, बाहेर डोळ्यांनी बघत उडवलं जाणारं विमान दाट वस्तीवर आजूबाजूच्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही 1,000 फूट वर हवं. इतरत्र किमान 500 फूट. उड्डाण घेताना आणि उतरताना सूट आहे, कारण त्याशिवाय विमान उतरणारच नाही. दौंडच्या शेजारी बारामतीत वैमानिक प्रशिक्षण चालतं. शिकाऊ वैमानिकाला धावपट्टीभोवती साधारण 1,000 फुटांवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. त्याशिवाय उतरणं शिकता येत नाही. "मी नियमात आहे," हे वैमानिकाचं म्हणणं खरं असू शकतं. "दिवसभर डोक्यावर घरघर आहे," हे शेतकऱ्याचंही खरं असू शकतं. वाद दोन खऱ्या विधानांमधला आहे, म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे.

नियमाच्या सवलतीत उडणाऱ्या विमानाने खाली नुकसान केलं तर? याचं गाजलेलं उत्तर एका कोंबडीपालकाने मिळवलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरोजवळ कॉझबी कुटुंबाची 2.8 एकर जागा होती. 1942 पासून शेजारच्या विमानतळावर लष्करी विमानं येऊ लागली. उतरण्याचा मार्ग घराच्या छतावरून 67 फुटांवर. घाबरून भिंतींवर आपटून सुमारे 150 कोंबड्या मेल्या, धंदा बंद पडला. 1946 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं. आकाशापर्यंतची मालकी आता चालणार नाही, हे स्पष्ट केलं. पण जमिनीलगतची, मालकाच्या वापरातली हवा त्याचीच आहे आणि इतक्या खालून, इतक्या वेळा उडणं म्हणजे त्याची मालमत्ता घेणंच आहे, म्हणून भरपाई द्या, असं सांगितलं. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला हा निकाल समजावून सांगावा लागणार नाही.

तर विमानांच्या काळात एक अलिखित वाटणी झाली होती. 500 फुटांच्या वर विमान, खाली घर आणि शेत. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी हे चित्र बदललं. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत ड्रोनला पूर्वपरवानगी लागत नाही. म्हणजे जो पट्टा विमानांनी सोडला होता, त्यातच नवं यंत्र आलं. 2024 मधली शिरूर-दौंडची भीती नेमकी या पट्ट्यातली आहे. तिला केवळ अफवा म्हणणं हे आळशी संशोधन होईल.

आता गणित. 2018 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने विमानतळांच्या ध्वनीक्षेत्रासाठी मर्यादा ठरवली. वर्षाला 50,000 पेक्षा जास्त उड्डाणं-आगमनं असलेल्या विमानतळाजवळ दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल. पण ही सरासरी आहे. समजा, 16 तासांच्या दिवसात एकदाच 30 सेकंद 100 डेसिबलचा आवाज झाला आणि बाकी वेळ शांतता. 16 तास म्हणजे 57,600 सेकंद. 30 ला 57,600 ने भागून लॉगॅरिदम घेतला की सुमारे 33 डेसिबल वजा होतात. उरतात 67. मर्यादेच्या आत! ज्या आवाजाने तान्हं बाळ दचकून उठलं, तो कागदावर दिसतच नाही. आणि विमानतळापासून लांब, उसाच्या फडाशेजारच्या वस्तीला तर ही विमानतळाची मोजपट्टी लागूही होत नाही.

म्हणून विषय निवडताना आधी मोजमाप तपासा. कायदा फूट मोजतो, मंत्रालय सरासरी मोजतं. घरातला माणूस मोजतो ते वेगळंच: किती वेळा झोप मोडली, किती वेळा जनावरं बुजली. या तिसऱ्या मोजमापाची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. तुम्ही ठेवू शकता. एक वही करा: तारीख, वेळ, किती सेकंद, काय थांबलं, कोणी तक्रार केली, पुढे काय झालं. सोबत ग्रामसभेचे ठराव आणि त्या काळातली स्थानिक वर्तमानपत्रं बघा. वैमानिकांशीही बोला. त्यांची बाजू न ऐकता लिहिलेला प्रबंध अर्धाच राहील.

कॉझबींनी न्यायालयात जाताना भावना दुखावल्याचं नुसतं सांगितलं नाही. त्यांच्याकडे छतापासूनची उंची होती आणि मेलेल्या कोंबड्यांचा आकडा होता. शिरूर-दौंडच्या 2024 च्या रात्रींसाठी असे आकडे जमवायचं काम अजून करण्यासारखं आहे, आणि ज्यांनी गस्त घातली ती माणसं आज तुमच्याच गावात भेटतील.