बायबलमधील सणांचे घरगुती पालन (बेने इस्राएल)

हिब्रू बायबलात नेमून दिलेले सण घरच्या घरी, ग्रंथवाचन, ठरावीक जेवण आणि हातकाम यांच्या आधारे पाळण्याची रीत. जगभरच्या यहुदी घरांत ती आढळते. प्रस्तुत नोंद कोकणातून मुंबई-पुण्यात आणि पुढे इस्राएलमध्ये पसरलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजापुरती आहे. धर्मगुरू आणि ग्रंथ हाताशी नसतानाही घर एकट्याच्या बळावर सण किती काळ जपू शकते, हे या समाजाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

सणांची मूळ यादी लेवीय या ग्रंथाच्या 23व्या अध्यायात आहे. तिची सुरुवात दर आठवड्याच्या शब्बाथने, म्हणजे विश्रांतीच्या शनिवाराने, होते. मग वल्हांडण व बेखमीर भाकरींचा सण, पीक हाती येताना येणारा सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण असा क्रम लागतो. पुरीमची कथा एस्तेरच्या ग्रंथात येते. दिव्यांचा हनुक्का मात्र हिब्रू बायबलात नाही, तो नंतरचा. यांतील तीन सणांना यरुशलेमच्या मंदिरात जाणे अपेक्षित होते. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले, बळी आणि अर्पणे थांबली, आणि सणाचा पुष्कळसा भार प्रार्थनागृहाबरोबरच घरातील जेवणाच्या ताटावर आला.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड) गावांत ते पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे बाहेरच्या यहुद्यांशी गाठ पडली तेव्हा त्यांच्याकडे हिब्रू पोथ्या नव्हत्या. होते ते शब्बाथचे पालन, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, ‘शमा’ ही प्रार्थना आणि काही सण. हे सण मराठी नावांनी आणि स्वयंपाकघराच्या खुणांनी लक्षात ठेवलेले होते. वर्षारंभ म्हणजे ‘नव्याचा सण’. त्याच महिन्यात नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून ऊद जाळायचा तो ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून, कडक उपवास करत घरातच राहायचे, म्हणून ती ‘दारफळणी’. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी, तो ‘शिळा सण’. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाचे नाव सोललेल्या वालांवरून पडले, ‘बिरड्याचा रोजा’. पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. वल्हांडणाच्या काळात आंबवणाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवायचे, म्हणून त्याचे नाव ‘अनशी ढाकायचा सण’. ही नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या समाजाच्या इतिहासात नोंदवून ठेवली. तो इतिहास 1937 मध्ये छापला गेला.

या नावांत धर्मशास्त्राचा एकही शब्द नाही. आहे ते रांधणे, झाकणे, दार लावणे, उपाशी राहणे. सण कशासाठी हे सांगणारा ग्रंथ हरवला तरी सणाला काय करायचे हे घरातल्या बायकांना ठाऊक होते, आणि तेवढ्या आधारावर पिढ्या निघाल्या. बेने इस्राएलांच्या इतिहासात पुरुषांची नावे पुष्कळ येतात. सण टिकवण्याचे श्रेय मात्र प्रथम चुलीपाशी बसणाऱ्यांना द्यायला हवे.

पंचांगाचीही मदत झाली असावी. यहुदी महिना नव्या चंद्राने सुरू होतो आणि अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. महाराष्ट्रातील महिनाही अमावास्येनंतरच सुरू होतो. त्यामुळे बहुतेक वर्षी पुरीम होळीच्या आसपास, वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास आणि मांडवांचा सण कोजागरीच्या जवळ येतो. दोन्हींचा अधिक महिना एकाच वर्षी पडतो असे नाही, म्हणून कधी कधी महिन्याचा फरक पडतो.

वल्हांडण हा आता प्रामुख्याने घरातला सण. निर्गमच्या 12व्या अध्यायात कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावून, बेखमीर भाकर आणि कडू भाजी खाऊन इस्राएल लोकांनी त्या रात्री मिसर (इजिप्त) सोडण्याची कथा आहे. सणाआधी घराला चुना लावणे, तांब्या-पितळेच्या भांड्यांना नव्याने कल्हई करून घेणे आणि खमिराचा कण न कण बाहेर काढणे ही कोकणातील घरांची तयारी असे. बेखमीर भाकर फक्त पीठ आणि पाण्याची. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते, नाहीतर पीठ आंबू लागले असे धरतात. म्हणून मळणारी, लाटणारी आणि भाजणारी यांची साखळी लागते. एकट्या बाईचे हे काम नव्हे. भारतात सण आठ दिवसांचा, इस्राएलमध्ये सात दिवसांचा. बहुतेक युरोपीय यहुद्यांना परंपरेने या दिवसांत तांदूळ वर्ज्य. बेने इस्राएलांना भात चालतो. काही घरांत कोकराच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा ठसा कागदावर उमटवीत आणि तो कागद दारावर लावीत. बायबलातील चौकटीची खूण घरच्या हातांनी पुन्हा काढण्याचा इतका थेट प्रकार दुर्मिळ आहे.

सणाच्या रात्रीचे जेवण ‘सेदेर’, म्हणजे क्रमाने चालणारे. तबकात भाजलेले हाड, उकडलेले अंडे, कडू पाला, हिरवी भाजी आणि खजूर शिजवून गाळलेला दाट, तपकिरी गोड पाक असतो. हा पाक म्हणजे मिसरातील गुलामीत कालवलेल्या चिखलाची आठवण. कडू पाला त्यात बुडवून खायचा. द्राक्षारसाचे चार पेले घ्यायचे असतात. बेने इस्राएल घरांत त्यासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा आशीर्वादही याच सरबतावर म्हटला जातो. घरातल्या सर्वांत लहान मुलाने ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे विचारायचे आणि मोठ्यांनी सुटकेची कथा वाचून उत्तर द्यायचे. मिसरावरील दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक थेंब बाहेर काढतात, कारण शत्रूच्या दुःखाच्या आठवणीने आपला पेला उणा व्हावा. लहान मुलाला इतक्या सोप्या कृतीतून इतकी मोठी गोष्ट शिकवणारे विधी फार थोडे आहेत.

वाचनाची बाजू उशिरा भरून आली. कोचीनकडील यहुदी शिक्षकांनी प्रार्थना आणि विसरलेले सण शिकवले. 1796 मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी ‘शाअर हारहामीम’ हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. मराठी बायबल आणि हिब्रूचे शिक्षण मात्र मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती मिशनऱ्यांमुळे मिळाले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण 1832 चे आहे. धर्मांतराच्या हेतूने दिलेली ही साधने समाजाने स्वतःचा धर्म नीट समजून घेण्यासाठी वापरली. सेदेरची पोथी, म्हणजे ‘हग्गादा’, मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत निघाली. 1874 च्या पुण्यातील सचित्र आवृत्तीत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरीचे पीठ मळताना, लाटताना आणि भाजताना दाखवल्या आहेत. युरोपातील पोथ्यांत मिसराच्या आणि यरुशलेमच्या कल्पनाचित्रांची रेलचेल असते; येथे वाचणाऱ्याला आपलीच आई-मावशी पानावर दिसे. 1880 च्या सुमारास हिंदू हरिकीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली जाऊ लागली, आणि पोथी वाचता न येणाऱ्यांपर्यंतही अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथा पोचल्या.

नव्याच्या सणाचा मानाचा पदार्थ चिकाचा हलवा. गहू दोन-तीन दिवस भिजत घालून वाटायचे, पिळून गाळायचे आणि तळाशी बसलेला पांढरा चीक घ्यायचा. मोठ्या पातेल्यात नारळाचे दाट दूध आणि साखर घालून तो मंद आचेवर तासन्‌तास ढवळत राहायचा. हात थांबला की गाठी होतात, म्हणून घरातील माणसे आळीपाळीने उलथने धरतात. मिश्रण कडा सोडू लागले की गुलाबी रंग आणि वेलदोडा घालून ताटांत थापायचे, वर बदाम-पिस्ते पेरायचे आणि गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात कापायचे. नारळाच्या दुधाचे महत्त्व चवीपुरते नाही. मांसाबरोबर दूध खाण्यास धर्माची मनाई आहे. नारळामुळे मटणाच्या जेवणावरही हे पक्वान्न निर्धास्त खाता येते. कोकणाच्या झाडाने यहुदी नियमाची अडचण सोडवली ती अशी.

मांडवांच्या सणात सात दिवस तात्पुरत्या मांडवात जेवायचे असते. छप्पर जमिनीतून उगवलेल्याच वस्तूचे हवे, उन्हापेक्षा सावली जास्त हवी, तरी रात्री फटींतून तारे दिसावेत. नारळाच्या झावळ्या या कामासाठी जणू बेतलेल्याच. खजुरीचा कोवळा पाला, हदास (मर्टल), वाळुंज आणि महाळुंगाचे फळ हातात धरून आशीर्वाद म्हणतात. मांडवात फळे टांगणे आणि रंगीत कागदांच्या साखळ्या लावणे हा मुलांचा हक्क. पुरीमला एस्तेरचा ग्रंथ वाचताना त्यातील यहुद्यांचा वैरी हामान याचे नाव आले की गोंगाटात ते बुडवायचे असते. त्यासाठी लागणारे खुळखुळे डब्यात खडे भरून सहज होतात. सप्ताहांच्या सणाला रूथचा ग्रंथ वाचतात. हनुक्काला खोबरेल तेल भरलेल्या काचेच्या पेल्यांचे दिवे रोज एक वाढवीत आठ दिवस लावतात. असे भिंतीवर टांगायचे, दावीदाच्या ताऱ्याच्या आकाराचे दिवे मुंबईत घडवले जात.

बायबलातील सणांच्या यादीत नसलेला, पण बायबलातील पुरुषाला वाहिलेला विधी म्हणजे ‘मलिदा’. एलिया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला ही कथा 2 राजे या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर त्या रथाची खूण उमटली आहे, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. एलियाहू हन्नबी, म्हणजे याच एलिया संदेष्ट्याच्या नावे नवस फेडताना, लग्नापूर्वी किंवा शवाट महिन्याच्या पौर्णिमेला भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे आणि वेलदोडा कालवून तबकात रचतात, भोवती फळे मांडतात आणि हिब्रू स्तोत्र म्हणून प्रत्येक फळावर निराळा आशीर्वाद घेतात. इतरत्र कुठल्याही यहुदी समाजात हा विधी या रूपात नाही.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा आणि दिमोना येथे त्यांची मोठी वस्ती आहे. भारतात काही हजार लोक उरले. तिकडच्या स्वयंपाकघरांत गव्हाच्या चिकाऐवजी मक्याचे पीठ, आणि इकडे मुंबई-ठाण्यात चायना ग्रास वापरून हलवा लवकर करतात. मलिदा दोन्हीकडे होतो. अलीकडे अमेरिकेत आणि अन्यत्र काही ख्रिस्ती कुटुंबेही मुलांना बायबल शिकवण्यासाठी सेदेरची पंगत मांडतात. या प्रथेला अनेक यहुदी धर्मगुरूंचा आक्षेप आहे. सेदेरचे आजचे रूप मंदिर पडल्यानंतर यहुदी धर्मगुरूंनी घडवले, ते येशूच्या काळचे जेवण नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते इतिहासाला धरून आहे.